जी-आर-वायने संपणारे तीन शब्द: अँग्री, हंग्री आणि...?

पाटीपेन्सिल:
मंडळी, दोन दिवस डोक्यात भुंगा फिरतोय. भाची मे महिन्याच्या सुट्टीला आलीये, यंदा आठवीत जाईल. परवा जेवताना तिने कोडं घातलं, "मामा, इंग्रजीत जी-आर-वाय या अक्षरांनी संपणारे तीन शब्द आहेत. अँग्री आणि हंग्री हे दोन झाले. तिसरा सांग."

मी आमटी ओरपत म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना! मग ताटातला भात गार झाला, हात वाळला, तरी तिसरा काही सापडेना. रात्री आडवा झाल्यावर ए पासून झेडपर्यंत एकेक अक्षर पुढे लावून बघितलं. बँग्री, काँग्री, डंग्री... झोप उडाली ती उडालीच. बायको म्हणाली, पोरांच्या नादी लागू नका.

उत्तर रविवारी मिळणार आहे. तोवर इंटरनेटवर शोधायचं नाही असं वचन तिने घेतलंय. तुम्हाला विचारायचं नाही असं वचन मात्र घेतलेलं नाही. :)

तर एक, तिसरा शब्द कोणता? आणि दोन, अशी ठरावीक अक्षरं शेजारीशेजारी असलेले मोजकेच शब्द अजून कुठले? नुसती यादी नको, अर्थ द्या. गोष्ट असेल तर तीही येऊ द्या.

भेळपुरी:
आत्ता घरी टेकलोय. दुपारी एक वडापाव, त्यानंतर पोटात अन्नाचा कण नाही. बायकोने "हात धुतलेस का" एवढंच विचारलं तर तिच्यावर खेकसलो. मला आत्ता काहीही विचारू नका. जेवून येतो.

गिरगावचा_बाबू:
डंग्रीला हसू नका, शब्द आहे तो! डंगरी. गॅरेजवाले घालतात ती निळी. आमच्या डोंगरीवरून नाव पडलं म्हणतात, जाडंभरडं सुती कापड तिकडचं. मुंबईचा पोरगा तिसरा. विषय संपला, धागा बंद करा.

खडूफळा:
बाबू, बसा खाली. डंगरीच्या स्पेलिंगमध्ये शेवटी दोन ई आहेत, वाय नाही. अर्धा गुण, तोही डोंगरीसाठी.

आडवंउभं:
आलो! शब्दकोडी सोडवण्यात हयात घालवली, आता कुठे कोणीतरी विचारतंय.

पाटी, भाचीचं कोडं जुनं आहे. १९७५च्या सुमाराला अमेरिकेत त्याने धुमाकूळ घातला होता. न्यूयॉर्कच्या रेडिओवर कुणीतरी ते विचारलं आणि लोकांनी ग्रंथालयांचे आणि शब्दकोश छापणाऱ्यांचे फोन नि टपालपेट्या भरून टाकल्या. नव्वदच्या दशकात ईमेल आल्यावर दुसरी साथ आली. आणि गंमत अशी की रोजच्या वापरातला सरळसाधा तिसरा शब्द तेव्हा कोणालाच सापडला नाही.

अडगळीतले मात्र आहेत. जमेल तसे मांडतो.

अ‍ॅग्री. घाना आणि आसपासच्या किनाऱ्यावर जमिनीत पुरलेले सापडणारे जुने, रंगीत काचेचे मणी. तिथे त्यांना फार मान. इंग्रज वकिलातीबरोबर तिथल्या अशांटी राज्याच्या दरबारी गेलेल्या बाउडिचने १८१९च्या पुस्तकात त्यांच्याबद्दल लिहिलंय.

इग्री. पहिल्या महायुद्धात इजिप्तमध्ये तळ ठोकलेल्या ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन सैनिकांनी तिथल्या अरबीतून उचललेला. अर्थ, चल, पाय उचल.

अ‍ॅनहंग्री. शेक्सपिअरच्या कोरिओलेनसमध्ये उपाशी जमावाच्या तोंडचं म्हणून हे येतं. अर्थ हंग्रीच, फक्त पुढे शेपूट. म्हणजे शेपूट पुढे असतं का? असो, सोंड म्हणा.

ग्राय. हा तर अख्खा शब्दच जी-आर-वाय. तत्त्वज्ञ जॉन लॉकने १७व्या शतकात मोजमापाची दशमान पद्धत मांडली होती. त्याच्या फुटाचे १० इंच, इंचाच्या १० रेषा आणि रेषेचे १० ग्राय. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ अगदी क्षुल्लक वस्तू, नखातला मळ म्हणा ना. ही पद्धत रुजली नाही, मळ तेवढा कोशात राहिला.

आणि माझा सगळ्यात लाडका: पग्री. हो, तीच. आपली पगडी!

मायमराठी_१:
इंग्रजी शब्दांच्या शेपट्या मोजायला मराठी संस्थळ कशाला हवं? आपल्या भाषेत काय दुष्काळ पडलाय? उद्या फ्रेंच क्रियापदांवर धागा काढा.

पोपटपंची:
माई आल्या. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

आडवंउभं:
माई, जरा थांबा, पगडीचं ऐकून तरी घ्या. १८८६ साली यूल आणि बर्नेल यांचा हॉब्सन-जॉब्सन कोश आला, अँग्लो-इंडियन बोलीचा. त्यात पग्री अशी स्वतंत्र नोंद आहे, शेवटी जी-आर-वाय. साहेब उन्हाने हैराण व्हायचा. मग त्याने टोपीभोवती सुती किंवा रेशमी कापडाचे वेढे घ्यायला सुरुवात केली आणि कापडासकट शब्दही घरी नेला. तेव्हा कोड्याचं एक उत्तर आपल्याच खुंटीवर टांगलेलं होतं. मराठी संस्थळावर चर्चा व्हायला एवढं पुरे की अजून काही?

गिरगावचा_बाबू:
आमच्याकडे पगडी डोक्यावर नसते, डोक्यावर कर्ज असतं. आजोबांनी खोलीची पगडी (भाड्याने जागा घेताना द्यायची एकरकमी रक्कम) मोजली होती, भाडं अजून इतकं आहे की त्यात आज दोन माणसांची मिसळ येणार नाही. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने पगडी घेणं-देणं कायदेशीर झालं, नाहीतर त्याआधी सगळा व्यवहार उशीखालचा.

हॉब्सनसाहेबांना सांगा, जागेच्या अर्थाची नोंद राहून गेली.

सदाशिवपेठी:
पगडी म्हटल्यावर आम्ही बोलणं क्रमप्राप्त आहे. पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. तेव्हा इंग्रजी कोशात नोंद करताना आमची परवानगी घ्यायला हवी होती.

आडवंउभं:
नोंद १८८६ची आहे हो.

सदाशिवपेठी:
मग त्यांनी वाट पाहायला हवी होती.

सिडनीचा_सदू:
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). रच्याकने (बाय द वे), इथे ऑस्ट्रेलियात सैन्याची ती एका बाजूने दुमडलेली हॅट असते ना, तिच्याभोवतीच्या पट्ट्याला अजूनही पगरीच म्हणतात. त्याला ७ चुण्या. सहा राज्यांच्या सहा आणि सातवी केंद्रशासित प्रदेशांची. एप्रिलमध्ये अँझॅक डेच्या (इथल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या) संचलनाला मुलाला घेऊन गेलो होतो. शेजारच्या आजोबांनी मोठ्या कौतुकाने त्याला तो शब्द समजावून सांगितला. पोरगा म्हणाला, हे तर माझ्या आजोबांच्या लग्नाच्या फोटोत आहे. आजोबा थंड.

स्पेलिंग मात्र इथे दोन ई वालं. म्हणजे खडूफळा बाईंच्या वहीत अर्धाच गुण.

भेळपुरी:
जेवून आलो. आता माणसात आहे. बायकोची माफी मागून झाली. काय चाललंय?

मी लहानपणी ऐकलेलं दुसरं: डी-ओ-यू-एसने संपणारे फक्त चारच शब्द. ट्रिमेंडस, हॉरेंडस, स्टुपेंडस, हॅझर्डस. क्लासच्या सरांनी पाठ करून घेतले होते, का ते त्यांनाच ठाऊक.

आडवंउभं:
"फक्त चार" या दाव्यावर कधीच विश्वास ठेवू नका. कोश जाड असला की पाचवा निघतोच. अ‍ॅपोडस: ज्याला पाय नाहीत असा प्राणी.

वैद्यबुवा_नाही:
अपद! अ म्हणजे नाही, पद म्हणजे पाय. ग्रीक आणि संस्कृत दोन्हीकडे तीच जोडणी. सापाला आपल्याकडेही पाय नाहीत आणि त्यांच्याकडेही.

खडूफळा:
आता मी जरा फळ्यापाशी येते. ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं, सवय जात नाही.

जी-आर-वाय हा प्रत्यय नाहीच, हे आधी ध्यानात घ्या. प्रत्यय फक्त वाय. हंगर अधिक वाय, अँगर अधिक वाय. जोडताना मधला ई गळाला आणि तीन अक्षरं चुकून शेजारी आली. अँगर हा तर मुळात इंग्रजांचा शब्दही नाही, तो नॉर्स लोकांबरोबर आला, तेव्हा त्याचा अर्थ दुःख, क्लेश असा होता. हंगर मात्र घरचाच. म्हणजे दोघं सख्खे भाऊ दिसतात, पण एक पाहुणा आहे.

मग तिसरा का नाही? कारण शेवटी जी-ई-आर असलेली नामं पुष्कळ असली तरी वाय लागल्यावर ई गाळायची लाट तिथवर पोचली नाही. आल्याच्या चवीला जिंजरी म्हणतात, त्यात ई जागच्या जागी. फिंगरीचंही तसंच. ई गळाला असता तर पाटींना आज तिसरा, चौथा, पाचवा मिळाला असता आणि कोडं जन्मालाच आलं नसतं.

भेळपुरींच्या चौकडीचीही तीच गत. ट्रिमेंडस, हॉरेंडस, स्टुपेंडस हे तिघं लॅटिन धातुसाधितं. थरकाप व्हावा असा, अंगावर काटा यावा असा, थिजून जावं असा. चौथा हॅझर्डस त्यांच्या घरचा नाही. हॅझर्ड हा फाशांचा जुगार होता, त्याला ओ-यू-एस चिकटवलं. जुगारी माणूस प्रतिष्ठित कुटुंबाच्या फोटोत येऊन उभा राहावा तसा तो दिसतो.

वैद्यबुवा_नाही:
बाई, काटा म्हणालात म्हणून. हॉरेंडसमधला लॅटिन धातू केस ताठ उभे राहण्याचा. संस्कृत हृष् त्याचाच भाऊबंद. म्हणजे हॉरेंडस आणि आपला रोमहर्षक एका पणजोबाचे. केस दोघांचेही उभे, फक्त एकाचे भीतीने आणि दुसऱ्याचे शेवटच्या षटकात १२ धावा हव्या असताना.

भेळपुरी:
म्हणजे हर्ष नावाचा मुलगा आणि हॉरर सिनेमा नातेवाईक? आमच्या सोसायटीतला हर्ष बघता पटतंय.

टिपणी_सादर:
धाग्याच्या शीर्षकात जीआर दिसला म्हणून धावत आलो. सरकारी माणूस, क्षमस्व.

आलोच आहे तर आमच्या खात्यातला शब्द देतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी इंग्रजी टिपणीत सुपरसीड हा शब्द लिहिला, सी घालून. साहेबांनी लाल शाईने गोल केला आणि समासात फक्त "एस" लिहिलं. मला वाटलं सही आहे. तीच टिपणी मी पुन्हा सी घालून सादर केली. पुढचं सांगत नाही.

नंतर शोधलं तेव्हा कळलं, एस-ई-डी-ईने संपणारा हा एकटाच. सी आणि दोन ई वाले तीन: एक्सीड, प्रोसीड, सक्सीड. बाकी प्रिसीड, रिसीड, कन्सीड वगैरे सगळे सी-ई-डी-ई. कारण असं की त्या सगळ्यांच्या पोटात लॅटिनमधली चालण्याची, सरकण्याची क्रिया आहे आणि सुपरसीडच्या पोटात बसण्याची. वर जाऊन बसणे. संस्कृत सद्, सदन, संसद त्याच घराण्यातले. आमच्या शासन निर्णयात त्याला अधिक्रमित म्हणतात, म्हणजे मराठीत पुन्हा चालवलाच बिचाऱ्याला.

गिरगावचा_बाबू:
थोडक्यात, सगळे चालतात आणि जो नुसता बसून राहतो तो इतरांच्या वर जातो. सरकारी शब्द आहे खरा.

टिपणी_सादर:
अभिप्रायाची नोंद घेतली. धारिका बंद.

औषधवाली:
आमच्या दुकानातलं घ्या. एक्स-वाय-झेड ही अक्षरं याच क्रमाने असलेला शब्द: हायड्रॉक्सिझिन. खाजेवर देतात. चिठ्ठीवर डॉक्टरांचं अक्षर बघता एक्स-वाय-झेडच्या पुढचं मागचं काही वाचता येत नाही, पण तेवढं पुरतं. (गंमत हो. नीट वाचूनच देते.)

दुसरी जोडी एस-टी-एच-एमची. अस्थमा आणि इस्थमस. एक दमा. दुसरी दोन मोठ्या भूभागांना जोडणारी जमिनीची चिंचोळी पट्टी, भूगोलात आपण संयोगभूमी शिकलो ती, पनामाची. ग्रीकमध्ये तो चिंचोळ्या वाटेचा शब्द. दम्यातही वाट चिंचोळीच होते, पण शब्दांचं नातं नाही, योगायोग. इंग्रज दोन्हीतला टी-एच गिळून टाकतो, अ‍ॅस्मा आणि इस्मस म्हणतो. आपण मात्र स्पेलिंग वाचून थ ठणठणीत उच्चारतो. मला आपलंच आवडतं, अक्षराचे पैसे दिलेत तर वाजवून घ्यावं.

कोडग्या:
टी-एच-एम वरून माझा लाडका विषय. रिदम, लॉगरिदम, अल्गोरिदम. शेवट सारखा, पण तिघांची जन्मपत्रिका वेगळी.

रिदम ग्रीक, वाहण्यावरून. आपला स्रोत, स्राव त्याच धातूच्या कुळातले असावेत असं भाषातज्ज्ञ मानतात. लॉगरिदम १६१४ साली नेपिअरने जुळवला, गुणोत्तर आणि संख्या असे दोन ग्रीक शब्द जोडून. आणि अल्गोरिदम? ते माणसाचं नाव! ९व्या शतकात बगदादला असलेला गणिती अल्-ख्वारिझ्मी. त्याने भारतीय अंकांनी आकडेमोड कशी करायची यावर पुस्तक लिहिलं. लॅटिन भाषांतरात त्याच्या नावाचं अल्गोरिस्मी झालं आणि त्या अंकपद्धतीलाच लोक अल्गोरिझम म्हणायला लागले. पुढे कुणाला तरी वाटलं की गणिताचा शब्द आहे म्हणजे संख्येसाठीचा ग्रीक शब्द यात असणारच, आणि झचा थ झाला. म्हणजे तो टी-एच खोटा. उपरा. बनावट जातीचा दाखला.

मी रोज या शब्दावर पोट भरतो आणि ऑफिसात ही गोष्ट सांगितली की सगळे हेडफोन लावतात.

पोपटपंची:
कोडग्या नाव सार्थ.

दहा_गुण:
स्क्रॅबलवाले कोणी आहे का? क्यूची एकच सोंगटी, १० गुणांची, आणि हातात यू नाही. त्या क्षणाची घालमेल ज्याला ठाऊक त्यालाच ठाऊक. म्हणून आम्ही यू शिवायचे क्यू पाठ करतो. इंग्रजीतले असे बहुतेक शब्द पाहुणे आहेत: की म्हणजे चिनी प्राणशक्ती, नकाब, तलाक, कव्वाली. आपल्याला पाठ करायला लागत नाहीत, एवढाच आपला फायदा. लंडनच्या मित्राविरुद्ध मी कव्वाली लावली तर तो कोश आणायला उठला. मी गाऊन दाखवतो म्हटलं.

एक मात्र अर्थ न कळता पाठ केला होता: कनात. तंबूची कनात नव्हे. जमिनीखालून पाणी आणायचा बोगदा.

पाणचक्कीजवळचा:
अरे, तो तर आमचा! संभाजीनगरची नहर-ए-अंबरी त्याच जातीची. मलिक अंबरने १७व्या शतकाच्या सुरुवातीला बांधवली. डोंगराकडचं भूजल उतारावरून भुयारी नळाने गावात आणायचं, पंप नाही, मोट नाही. ठरावीक अंतरावर हवेसाठी आणि साफसफाईसाठी विहिरीसारखे उभे झरोके. ही कल्पना इराणकडची, शब्द अरबी. लहानपणी त्या झरोक्यात आम्ही खडे टाकायचो आणि पाण्याचा आवाज ऐकायचो. त्याला स्क्रॅबलमध्ये एवढे गुण मिळतात हे आज कळलं. चार खडे जास्त टाकले असते.

दहा_गुण:
वाचनखूण साठवली. आता हा शब्द लावताना खड्याचा आवाज ऐकू येणार.

मायमराठी_१:
बरं. पगडी, डोंगरी, कनात. मागे घेते शब्द, निम्मे.

पण मग माझीही भर ऐका. अक्षरांची टोळी म्हणता ना, ती आमच्याकडे आहे आणि ती इंग्रजीत लिहून दाखवा. ऱ्ह. कुऱ्हाड, बिऱ्हाड, वऱ्हाड, गुऱ्हाळ, चऱ्हाट, तऱ्हा, ऱ्हास. कसं रांगडं कुटुंब आहे बघा, एकही शब्द शांतपणे बोलता येत नाही. वऱ्हाड बिऱ्हाडी उतरलं की तऱ्हा सुरू होतातच आणि गुऱ्हाळ लांबतं.

दुसरं ङ. बाराखडीच्या तक्त्यावर नुसताच बसलेला, कुठल्या चित्राशिवाय. त्याला काम द्यायचं म्हटलं तर वाङ्मय, दिङ्मूढ, पराङ्मुख आणि मग जांभई. आणि ऌ? संबंध मराठीत त्याच्यासाठी एकच घर, कॢप्ती. एका शब्दासाठी अख्खा स्वर पोसतोय आपण. तुमच्या एस-ई-डी-ईचं काय कौतुक!

खडूफळा:
माई, दंडवत. पहिल्या इयत्तेत ङ ला मी "ड पोटात टिंब" म्हणायचे.

मायमराठी_१:
सगळेच म्हणायचे.

नागपुरी_संत्रं:
वऱ्हाड आमचं आहे, रांगडं म्हटल्याबद्दल आभारी आहो.

पाटीपेन्सिल:
धागा भलताच फोफावला, धन्स सगळ्यांना. पण अजून ठरत नाहीये. रविवारी भाचीला काय सांगू? मला पगडीच बरी वाटतेय.

खडूफळा:
पाटी, एक सापळा सांगून ठेवते. या कोड्याचं एक लबाड रूप आहे. विचारणारा आधी जी-आर-वायचं पाल्हाळ लावतो आणि मग हळूच म्हणतो, "द इंग्लिश लँग्वेज यात तीन शब्द आहेत, तिसरा कोणता?" उत्तर, लँग्वेज! जी-आर-वायशी काही देणंघेणं नाही, ते फक्त तुमचं लक्ष दुसरीकडे वळवायला. १९७५ साली लोक बहुधा हेच अर्धवट लक्षात ठेवून घरी गेले असावेत असं मला आपलं वाटतं. भाचीने नेमके कोणते शब्द वापरले ते आठवा.

पाटीपेन्सिल:
तिने मराठीत विचारलं हो. मराठीत हा सापळा लागतच नाही. "इंग्रजी भाषा", दोनच शब्द.

आडवंउभं:
मग पगडी. छातीठोकपणे सांगा. हॉब्सन-जॉब्सनचा दाखला द्या, १८८६ म्हणा, आवाज खाली आणून म्हणा.

(रविवार)

पाटीपेन्सिल:
सांगितलं. आवाज खाली आणला. १८८६ म्हटलं. डोंगरी, ऑस्ट्रेलिया, सात चुण्या, सगळं सांगितलं. घरचे जेवायचे थांबले होते.

भाची शांतपणे म्हणाली, "मामा, पगडी छान आहे. पण उत्तर हँग्री."

हंग्री झालंय गं, म्हटलं. तर म्हणाली, हं नाही, हँ. भूक लागल्यामुळे चिडलेला. हंग्री अधिक अँग्री. तिच्या वर्गात सगळे म्हणतात म्हणे. आणि वर, "तू रोज जेवायच्या आधी असतोस तसा."

आडवंउभं:
अरे देवा. बरोबर आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात तो जानेवारी २०१८ मध्ये घेतला. आणि त्यांना सापडलेला सगळ्यात जुना वापर १९५६चा. म्हणजे १९७५ साली रेडिओवर बोंबाबोंब चालू होती तेव्हा तिसरा शब्द कुठेतरी छापून पडलेला होता, वापरात नव्हता एवढंच. मी नखातला मळ शोधत बसलो आणि हा समोर.

खडूफळा:
आणि बघा, हाही प्रत्यय नाही. दोन शब्दांची टक्कर झाली आणि शेपूट दोघांचं एकच उरलं. भाचीला पूर्ण गुण. माझ्यातर्फे एक खडूही.

पोपटपंची:
एक मिनिट. सगळ्यांनी पहिला प्रतिसाद पुन्हा वाचा. भेळपुरीचा.

सिडनीचा_सदू:
"पोटात अन्नाचा कण नाही... तिच्यावर खेकसलो." हहपुवा!! अर्थ आधी दिला, शब्द तेवढा राहिला.

भेळपुरी:
मी पहिल्याच फटक्यात उत्तर दिलं होतं. तुम्हाला भाषा कळत नाही त्याला मी काय करू.

सदाशिवपेठी:
दुपारी १ ते ४ मध्ये आमच्याकडे काही विचारायला आलात तर या शब्दाचं प्रात्यक्षिक मिळेल.

मायमराठी_१:
मराठीत याला एक शब्द हवा. भुकेजलेला नाही, तो केविलवाणा आहे. भूक अधिक राग... भुराग?

नागपुरी_संत्रं:
भुराग हा रोग वाटतो बाई. आमच्याकडे म्हणतात, "त्याले जेवू द्या आधी." पुरते तेवढं.

पाटीपेन्सिल:
मंडळी, संपलेलं नाही. भाची उद्या गावी जाणार, जाताना नवीन कोडं देऊन गेली. शेवटी एम आणि टी अशी अक्षरं असलेला इंग्रजी शब्द. मी जेवत होतो, एम-टीच्या जागी आमटी ऐकू आलं आणि म्हटलं वाढ थोडी. सगळे हसले. आता पुन्हा तेच, रात्रीचे साडेअकरा, ए पासून सुरुवात केलीये.

खडूफळा:
पाटी, ए-बी-सी सोडा आणि गपचूप झोपा. स्वप्नात सापडेल. याहून जास्त मी सांगणार नाही.